वाचलेला वेळ कुणाचा?



मुलांच्या शिक्षणावर या पानात नेहमीच लिहिते. या वेळी शिक्षण संपल्यानंतरच्या एका नोकरीविषयी लिहिते आहे. आपल्या घरांतली बरीच मुलं आज या नोकरीत आहेत आणि तिच्याविषयी घरात फारसं बोललं जात नाही.

बारावी किंवा बी.कॉम. झालं की मुलगा ‘लाईनवर’ जातो. सकाळी मोटारसायकल काढायची, वितरकाने ठरवून दिलेल्या रस्त्यावरची दुकानं एकेक करून घ्यायची, बिस्किटं, साबण, मसाले, रंग, मोबाइलचे सुटे भाग, जो काही माल असेल त्याची ऑर्डर लिहायची, मागची उधारी वसूल करायची आणि संध्याकाळी हिशोब द्यायचा. डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर ताटकळणारा औषध कंपनीचा एमआरही याच बिरादरीतला. त्याचा शर्ट इस्त्रीचा असतो आणि बॅग जड असते, एवढाच फरक.

आमचं कुडाळ या कामाला सोयीचं. महामार्ग आहे, रेल्वे आहे, एमआयडीसी आहे, आणि चारही बाजूंना गावं पसरलेली आहेत. एक लाईन पिंगुळीवरून पाट, म्हापण, परुळ्याकडे समुद्राच्या बाजूला उतरते. दुसरी नेरूर-वालावलला जाते. तिसरी झाराप-माणगाववरून सह्याद्रीच्या पायथ्याला पोचते. चौथी ओरोस, कसाल, कट्टा करत मालवणला. दुकानं लहान आणि विखुरलेली. एका दुकानापासून दुसऱ्यापर्यंत कधी पाच मिनिटं लागतात, कधी मधे अख्खा डोंगर असतो.

या कामात मोबाइलने जो बदल केला, तो थोडा नाही. फोनमुळे मेहनत वाचली, फेऱ्या वाचल्या, वेळ वाचला. आता प्रश्न एवढाच आहे की हा वाचलेला वेळ गेला कुठे? मुलाच्या पदरात पडला, घराला मिळाला, की कामावरच परत खर्ची पडला?

आधी हे काम कसं होतं ते आठवून पाहू. ज्यांचे अब्बा किंवा चाचा वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लाईनवर होते, त्यांनी कार्बन पेपर घातलेलं ऑर्डर बुक पाहिलेलं असेल. दुकानात उभं राहून ऑर्डर लिहायची, एक प्रत दुकानदाराला, एक आपल्याकडे. दिवसभराच्या ऑर्डरी संध्याकाळी गोदामात द्यायच्या. तिथे कळायचं की मागितलेल्या दहा वस्तूंपैकी तीन शिल्लकच नाहीत. दुकानदाराला हे माल पोचेपर्यंत माहीत नसायचं. मग पुढच्या आठवड्यात तिथे गेलं की बोलणी ऐकायची, “कबूल केलंस, मग माल कित्याक पाठवलंस नाय रे?” चूक कुणाचीच नसायची, फक्त खबर वेळेवर पोचलेली नसायची. परगावच्या कंपनीचा माणूस तर एसटीडी बूथसमोर रांगेत उभा राहायचा आणि दिवसाचा अहवाल पोस्टाने पाठवायचा.

मोबाइल आला तेव्हाही तो या मुलांसाठी नव्हता. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीतले दूरसंचार मंत्री सुखराम यांना तो केला होता. त्या काळात एका मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेला कॉल घेतला तरी पैसे पडत. येणारे कॉल फुकट झाले ते २००३ मध्ये. तिथून पुढे फोन खऱ्या अर्थाने फिरत्या माणसाच्या खिशात आला. २०१६ मध्ये इंटरनेट एकदम स्वस्त झालं आणि फोन हेच ऑर्डर बुक झालं.

आज मुलगा दुकानात शिरतो तेव्हा त्याच्या फोनवरच्या अ‍ॅपमध्ये त्या दिवसाच्या दुकानांची यादी असते. दुकानाचं नाव दाबलं की मागच्या वेळी काय नेलं, किती थकबाकी आहे, कोणती स्कीम चालू आहे, सगळं दिसतं. गोदामात किती माल शिल्लक आहे तेही दिसतं. नाही ते तो कबूलच करत नाही. ऑर्डर टाकली की ती त्याच क्षणी वितरकाकडे पोचते. मुलगा पुढच्या गावात पोचेपर्यंत इकडे बिल तयार होतं आणि दुसऱ्या दिवशी छोटा हत्ती माल घेऊन निघतो. मुदत संपलेला किंवा फुटका माल परत घ्यायचा असेल तर त्याचा फोटो काढून पाठवता येतो. डोंगराच्या कुशीत रेंज नसली तरी चांगल्या अ‍ॅपमध्ये ऑर्डर फोनमध्येच साठून राहते आणि रेंज आली की आपोआप पुढे जाते. गणेशचतुर्थीच्या आधी चाकरमानी गावात यायला लागतात, दुकानांचा माल एका दिवसात उडतो, तेव्हा या सोयीची किंमत कळते. रमजानमध्ये खजूर आणि शेवयांच्या बाबतीतही तेच.

पैशांचं पाहा. पूर्वी वसुलीची रोकड कमरेला बांधून मुलगा अंधारात घाटरस्त्याने घरी यायचा आणि आई दाराकडे डोळे लावून बसायची. एखादी नोट खोटी निघाली किंवा मोजणीत शंभर रुपये कमी पडले तर ते त्याच्या पगारातून जायचे. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झालं. २०२४ या एका वर्षात देशभरात त्यावरून सतरा हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. आज बरेच दुकानदार बिलाची रक्कम थेट वितरकाच्या खात्यात टाकतात. मुलाच्या हाताला पैसाच लागत नाही, त्यामुळे हिशोबाचा संशयही येत नाही.

उधारीची नोंद तर आपल्याला मुळातच शिकवलेली गोष्ट आहे. कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची दोनशे ब्याऐंशीवी, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, रक्कम लहान असो वा मोठी. पूर्वी उधारी दुकानदाराच्या वहीत एक आणि सेल्समनच्या वहीत दुसरी असायची आणि त्यावरून वर्षानुवर्षांचे संबंध तुटायचे. आता दोघांच्या फोनवर एकच आकडा दिसतो. नातं टिकवायला ही मोठी मदत आहे.

वेळेवर खबर पोचल्याने काय होतं, याचा एक नीट मोजलेला दाखला आपल्याच किनाऱ्यावर, खाली केरळात आहे. अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी उत्तर केरळच्या कासारगोड, कन्नूर आणि कोळिकोड या जिल्ह्यांतल्या मासळी बाजारांचा अभ्यास केला आणि तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्यासारखीच तिथेही किनाऱ्याकिनाऱ्याने छोटी बंदरं आहेत. तारलीची होडी एका बंदराला लागली आणि तिथे आधीच मासळी भरपूर असली, तर नाखव्याला गिऱ्हाईक मिळायचं नाही. मासळी टिकणारी नाही, दुसऱ्या बंदराला जायचं तर डिझेल जळणार, आणि तिथेही भाव मिळेल याची खात्री नाही. १४ जानेवारी १९९७ ची त्यांची एक नोंद आहे. वडकरा बंदरात अकरा मच्छीमारांची मासळी गिऱ्हाइकाविना पडून होती आणि त्याच वेळी पंधरा किलोमीटरच्या आतल्या बाजारांत सत्तावीस गिऱ्हाइकं रिकाम्या हाताने परतत होती.

१९९७ ते २००१ या काळात त्या किनाऱ्यावर टप्प्याटप्प्याने मोबाइलचे टॉवर उभे राहिले. समुद्रात वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत रेंज मिळू लागली. मच्छीमार होडीतूनच चार बंदरांना फोन करून भाव विचारू लागले आणि जिथे मागणी तिथे होडी वळवू लागले. पूर्वी पाच ते आठ टक्के मासळी फेकून द्यावी लागत होती, ते जवळजवळ बंद झालं. मच्छीमारांचा नफा सरासरी आठ टक्क्यांनी वाढला आणि खाणाऱ्याला मासळी चार टक्क्यांनी स्वस्त मिळाली. विकणारा आणि घेणारा, दोघांचाही फायदा.

या दाखल्यातली एक बाब आपण लक्षात घ्यायला हवी. तो फोन मच्छीमाराचा स्वतःचा होता. कुणाला फोन करायचा, होडी कुठे वळवायची, हे तोच ठरवत होता. म्हणून फायद्याचा वाटा त्याच्यापर्यंत पोचला. आपल्या मुलाच्या खिशातला फोन त्याचा असतो, रिचार्जही पुष्कळदा तोच मारतो, पण आतलं अ‍ॅप त्याचं नसतं. तिथून गणित बदलतं.

शिक्षिका आहे, म्हणून गणित मांडूनच दाखवते. समजा, एका मुलाच्या लाईनवर दिवसाला तीस दुकानं आहेत. अ‍ॅपमुळे प्रत्येक दुकानात लिहिण्याची तीन मिनिटं वाचली, म्हणजे नव्वद मिनिटं झाली. संध्याकाळी गोदामात बसून ऑर्डरी उतरवण्याचा एक तास वाचला. एकूण दीडशे मिनिटं, म्हणजे अडीच तास. मगरिबच्या आधी घरी यायला एवढा वेळ पुष्कळ आहे. आता वितरकाने किंवा कंपनीने पाहिलं की याचं काम लवकर आटोपतंय आणि लाईनमध्ये आणखी दहा दुकानं घातली. एका दुकानाला पंधरा मिनिटं धरली तर दहा दुकानांची दीडशे मिनिटं. हिशोब बरोबर शून्यावर आला. मुलगा पूर्वीच्याच वेळेला घरी पोचला, वर दहा दुकानांचं पेट्रोल आणि थकवा जास्तीचा.

दहा दुकानं वाढली म्हणून इन्सेंटिव्ह वाढला असेल, तर त्याने ते खुशीने करावं. कष्टाला आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही. पण काम वाढलं आणि मोबदला तेवढाच राहिला, तर वाचलेला वेळ कुणीतरी दुसऱ्यानेच घेतला, हे निदान आपल्याला कळायला तरी हवं. बऱ्याच घरांत ते कळतही नाही. “हल्ली तर सगळं मोबाइलवरच असतं, तुला काय काम?” असं अम्मीही म्हणते आणि शेजारीही म्हणतात.

दुसरी गोष्ट पाळतीची. सकाळी पहिल्या दुकानासमोर उभं राहून हजेरी लावायची, तीही सेल्फीसह. दुकानाच्या आसपास असल्याशिवाय ऑर्डरच घेतली जात नाही. दिवसभर कुठून कुठे गेला, कुठे किती मिनिटं थांबला, हे नकाशावर उमटतं. यात थोडं चांगलंही आहे. जो खरोखर फिरतो त्याला पुरावा मिळतो, आणि घरी बसून खोट्या भेटी लिहिणाऱ्याबरोबर त्याची गणना होत नाही. पण दुकानदाराकडे मयत झाली म्हणून वीस मिनिटं बसला, जुहरच्या नमाजला थांबला, पावसात झाडाखाली उभा राहिला, हे नकाशाला समजत नाही. त्याला फक्त थांबलेला ठिपका दिसतो. माझ्या एका माजी विद्यार्थ्याची रेंज नसलेल्या गावातली अर्ध्या दिवसाची हजेरी अ‍ॅपवर उमटलीच नाही आणि तेवढा पगार कापला गेला. त्याने त्या दिवशीची बिलं दाखवली तेव्हा पुढच्या महिन्यात तो परत मिळाला. बिलं जपून ठेवली होती म्हणून मिळाला.

तिसरी गोष्ट रात्रीची. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर रात्री दहा वाजता उद्याचं टार्गेट येतं, कोण मागे आहे त्याची यादी सगळ्यांसमोर येते. मुलगा दस्तरखानावर बसलेला असतो, हात जेवणात आणि डोळे फोनवर. पूर्वी ऑर्डर बुक बॅगेत गेलं की दिवस संपायचा. फोन बॅगेत जात नाही.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असावं. औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींसाठी केंद्र सरकारने १९७६ मध्ये विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांचा कायदा केला. लेखी नियुक्तिपत्र, अकरा दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा, अठरा दिवसांमागे एक दिवस अर्ध्या पगाराची वैद्यकीय रजा, अशा तरतुदी त्यात होत्या. २०११ मध्ये तो साबण-प्रसाधनं, बिस्किटं, शीतपेयं, रंग, तयार कपडे अशा आणखी काही उद्योगांना लावला गेला. पुढे हा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत सामावला गेला, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यातही नियुक्तिपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. आपल्याकडची बरीच मुलं कंपनीच्या नव्हे तर वितरकाच्या पगारावर असतात आणि तोंडी शब्दावर कामाला लागतात. वितरक ओळखीचा असतो, कागद मागायला संकोच वाटतो. पण कागद मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. उधारी लिहून ठेवतो तशीच ही नोंद.

कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचीही जगात चर्चा आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून असा कायदा आहे. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये तो लागू केला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या डिसेंबरमध्ये लोकसभेत याविषयी खासगी विधेयक मांडलं. त्याचा कायदा झालेला नाही. म्हणून तूर्त जे करायचं ते घरानेच करायचं आहे.

काय करता येईल? आधी नोकरी धरताना. पगार किती हे विचारतोच, त्यासोबत चार प्रश्न आणखी विचारायला मुलांना सांगा. दिवसाला दुकानं किती? फोन आणि रिचार्ज कुणाचा? रेंज नसलेल्या गावातली हजेरी कशी धरणार? दुकानं वाढली तर इन्सेंटिव्ह आणि पेट्रोलभत्ता वाढणार का? उत्तरं लेखी मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर बोलणं झाल्यावर त्याच मुद्द्यांचा एक नम्र मेसेज त्यांना पाठवावा, म्हणजे नोंद राहते.

कामाचा नंबर आणि घरचा नंबर वेगळा ठेवावा. हल्ली एका फोनमध्ये दोन सिम बसतात. महिनाअखेरीला अ‍ॅपमधल्या ऑर्डरी, वसुली आणि हजेरी यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत. नोकरी सुटली की अ‍ॅप त्याच दिवशी बंद होतं आणि मागचा इन्सेंटिव्ह मागायला हातात काही उरत नाही. त्याचबरोबर आपल्या लाईनवरच्या दुकानदारांची ओळख स्वतःच्या वहीतही असावी. कोणाचा मुलगा बारावीला आहे, कोणाकडे सोमवारी वसुली मागू नये, कोणता माल कुठे खपतो, कोण शब्दाचा पक्का आहे, हे अ‍ॅप लिहीत नाही. दुकानदार माल घेतो तो मुलाकडे बघून. ही त्याची स्वतःची कमाई आहे आणि उद्या त्याने स्वतःची एजन्सी काढली तर तीच कामी येणार आहे.

पैशांच्या बाबतीत एक साधी गोष्ट घरातल्या सगळ्यांनी ध्यानात ठेवावी. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. कुणी ‘पेमेंट पाठवलंय, पिन टाका’ म्हणाला तर तो ठकवतो आहे. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या क्रमांकावर कळवावं. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं कठीण.

आणि हे आपल्यासाठी, म्हणजे घरात बसून फोन करणाऱ्यांसाठी. मोटारसायकल चालवताना फोन हातात धरणं कायद्याने गुन्हा आहे, हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा कैदही होऊ शकते. पण करूळचा घाट, आंबोलीचा घाट, पावसातला परुळ्याचा रस्ता यांवर दंडापेक्षा मोठी भीती आहे. मुलगा फोन उचलतो तो फक्त साहेबाचा नाही, आपलाही. “कुठे पोचलास? येताना कोथिंबीर आण.” दुपारी जेवायला थांबतो ती वेळ ठरवून घ्या आणि तेव्हाच बोला. एरवी त्याने नाही उचलला तर दहा वेळा लावू नका. न उचललेला फोन म्हणजे तो गाडी चालवतोय, असं समजा.

आपल्यापैकी ज्यांचं स्वतःचं दुकान किंवा एजन्सी आहे, त्यांना वेगळी विनंती. तुमच्याकडे येणारा पोरगा कुणाच्या तरी घरचा आहे. ऑर्डर तयार ठेवलीत तर त्याची दहा मिनिटं वाचतात. एजन्सी तुमची असेल तर रात्री नऊनंतर ग्रुपवर टार्गेट टाकू नका, ते सकाळी आठलाही टाकता येतं. दुकानं वाढवाल तेव्हा इन्सेंटिव्हही वाढवा. मजुराचा मोबदला वेळेवर आणि पुरता देण्याबद्दल आपण खुतब्यात पुष्कळ ऐकतो, तो मोबदला वेळेचाही असतो.

ज्या घरांत मुलगा किंवा मियाँ लाईनवर आहे, त्यांनी या महिन्यात एक काम करावं. एका आठवड्यासाठी कॅलेंडरवर रोज दोनच आकडे लिहावेत, दुकानं किती झाली आणि घरी किती वाजता आला. जुम्याच्या सुट्टीला किंवा रविवारी, जसं तुमच्याकडे असेल तसं, चहा घेता घेता ते आकडे दोघांनी मिळून वाचावेत. अडीच तास कुठे जातात ते तुम्हाला तिथे दिसेल. मग पगारवाढीचं बोलायचं, लाईन बदलून मागायची, की रात्रीचा ग्रुप बंद करून ठेवायचा, हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल. काय दिसलं ते मला जरूर कळवा.

पुढच्या महिन्यात भेटू, इन्शाअल्लाह.